डाळिंब्या किचकट, वाक्य क्लिष्ट आणि जिराफ द्राविडी

वालाच्या डाळिंब्या सोलायला बसलं की आमच्या सदाशिव पेठेतल्या मावशीचं एक ठरलेलं वाक्य असतं, "अवघड काही नाही गं, किचकट आहे." वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून साल उडवायचं. कृती एका दमात सांगून होते. दुपार मात्र सगळी जाते.

'अवघड' आणि 'किचकट' यांतला हा फरक आपण रोज करतो आणि तो शब्दांचा चोखंदळपणा आहे असं समजतो. पण गणितानंही तो केलेला आहे. एखादी गोष्ट किती गुंतागुंतीची, हे मोजायचं कसं? रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९६५ साली एक माप मांडलं. ती गोष्ट हुबेहूब उभी करणारा सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम जेवढ्या लांबीचा, तेवढी तिची गुंतागुंत. (अमेरिकेत रे सोलोमोनॉफ यांना जवळपास हेच त्याआधी सुचलं होतं.) '०१' ही जोडी ५०० वेळा लिहिली तर १,००० आकडे होतात, पण सूचना एका ओळीत मावते. नाणं १,००० वेळा उडवून छापा-काट्याची यादी केली तर ती बहुधा जशीच्या तशी वाचून दाखवावी लागेल, आखूड करायची सोय नाही. डाळिंब्या पहिल्या जातीत बसतात. सांगायला थोडं, करायला फार. सांगण्याची लांबी आणि करण्याचा वेळ ही दोन खाती संगणकशास्त्रात वेगळी ठेवतात. मावशीही तेच करते.

या मापात एक गोम आहे. कुठलीही गोष्ट दिली की तिचं माप काढून देईल, असा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही हे सिद्ध झालेलं आहे. छोटी वाट सापडली, तर आधीची उगाच लांबडी होती हे कळतं. सापडली नाही, म्हणून ती नसेलच असं म्हणता येत नाही. अर्जाच्या खिडकीपलीकडून "याहून सोपं होणारच नाही" असं कोणी ठणकावलं की मला हे आठवतं. बोलून दाखवायचं धाडस अजून झालेलं नाही.

'क्लिष्ट' हा शब्द मात्र वेगळ्या घरचा. संस्कृतातला 'क्लिश्' म्हणजे पीडा होणं, त्रास होणं. आपला 'क्लेश' त्यातूनच आला. म्हणजे क्लिष्ट म्हणताना आपण वस्तूपेक्षा आपल्या डोक्याला झालेल्या त्रासाबद्दल बोलत असतो. जुन्या काव्यशास्त्रात क्लिष्टत्व हा दोषांच्या यादीतच आहे. तो त्रास घरबसल्या अनुभवायचा असेल, तर हे वाक्य वाचा :

रमाने काकूने मामाने आणलेल्या पिशवीत ठेवलेली किल्ली शोधली.

व्याकरणात चूक नाही. शब्द आठच आहेत, सगळे घरातले. तरी दुसऱ्यांदा वाचावं लागलं ना? आता तेच आठ शब्द पुन्हा :

मामाने आणलेल्या पिशवीत काकूने ठेवलेली किल्ली रमाने शोधली.

एकही शब्द बदललेला नाही, माहितीही तीच. पहिल्या वाक्यात रमा, काकू आणि मामा असे तीन कर्ते एकामागोमाग येऊन बसतात आणि त्यांची क्रियापदं येईपर्यंत तिघांनाही मनात धरून ठेवावं लागतं. ती जागा फार मोठी नाही. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तात्पुरत्या स्मृतीसाठी सातच्या आसपासचा आकडा सांगितला होता. २००१ साली नेल्सन कोवन यांनी आधीच्या अनेक प्रयोगांचा धांडोळा घेऊन तो चारच्या आसपास आणला. शिवाय तिघांनाही 'ने' लागलेला असल्यामुळे कोण कुठल्या क्रियापदाचं, याचीही सरमिसळ होते. सरकारी परिपत्रकातलं वाक्य कळलं नाही, की दर वेळी विषयच जड असतो असं नाही. कधीकधी नुसती रमा पुढे येऊन बसलेली असते.

तिसरी तऱ्हा द्राविडी प्राणायामाची. समोरून नाक धरायचं सोडून डोक्यामागून हात फिरवून धरायचं. (द्राविड लोकांच्या माथी हा शब्द उगाच मारलाय, पण म्हण झाली की कोण ऐकतंय.) शनिपाराजवळ दुकान समोर दिसत असतं, आणि एकेरी रस्त्यांपायी दुचाकीवरून अर्ध्या पेठेची प्रदक्षिणा घालावी लागते, तेव्हा पुणेकराला हा शब्द आपोआप सुचतो.

निसर्गातला अव्वल द्राविडी प्राणायाम जिराफाच्या मानेत आहे. मेंदूपासून स्वरयंत्र जवळच असतं. पण स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी एक नस तिकडे सरळ जात नाही. डावीकडची नस सगळी मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या महारोहिणी या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळसा घेते आणि तेवढीच मान पुन्हा चढून वर येते. हा प्रवास चार मीटरच्या वर जातो. आपल्यातही डावी नस हाच वळसा घेते, म्हणून छातीत महारोहिणीला फुगवटा आला तर क्वचित आवाज बसतो.

असं का? माशांसारख्या पूर्वजांना मान नव्हती. त्यांच्यात मेंदूकडून कल्ल्यांकडे जाणारी नस रक्तवाहिनीच्या मागून सरळच जात होती. पुढे मान लांबत गेली, हृदय खाली सरकलं आणि नस वाहिनीत अडकून ओढली गेली. एखाद्या अभियंत्यानं ती सोडवून पुन्हा जोडली असती. उत्क्रांतीला आधीचं काम उसवून नव्यानं शिवता येत नाही, आहे त्यालाच इंच-इंच ठिगळ लावावं लागतं.

मग सगळं आखूड केलं की सुटलो का? पुण्यात या प्रश्नाचं उत्तर व्याकरणवाल्यांकडे मिळतं. १८६६ साली संस्कृतचे प्राध्यापक म्हणून डेक्कन कॉलेजात आलेले जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनी नागेशभट्टांच्या 'परिभाषेन्दुशेखर' या संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथाचं संपादन आणि भाषांतर केलं. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, हे प्रसिद्ध वचन त्यातलंच. पाणिनीनं संस्कृतचं व्याकरण सुमारे ४,००० सूत्रांत बसवलं ते याच हव्यासानं. शेवटचं सूत्र तर नुसतं 'अ अ' एवढंच आहे. व्याकरणाच्या सोयीसाठी इतका वेळ 'अ' तोंड उघडून उच्चारला जातो असं धरलं होतं, तो आता प्रत्यक्ष बोलण्यातला मिटलेला 'अ' समजावा, असा त्याचा अर्थ.

दोन अक्षरं. किचकट म्हणावं तर करायला काही नाही, द्राविडी म्हणावं तर वळसा नाही. क्लिष्ट म्हणावं, तर आधीची सगळी सूत्रं वाचून इथवर आलेल्याला ते चटकन कळतं आणि थेट शेवटचं पान उघडणाऱ्याला मुळीच कळत नाही.