सालीवरचं मेण आणि बेदाण्याचा धंदा

मिरजेहून पंढरपूरकडे निघालात आणि महिना फेब्रुवारी-मार्चचा असेल, तर नागजपासून जुनोनीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीची लांबलचक शेडं दिसतात. गंमत अशी, की शेडांच्या आजूबाजूला पुष्कळदा नुसतं माळरान असतं. द्राक्षाच्या बागा तासगाव, पलूस, मिरज भागातल्या, आणि माल वाळायला मात्र टेम्पोत बसून इतक्या लांब येतो. भाडं भरून कशाला आणायचा?

वाऱ्यासाठी. पावसाला मुकलेल्या या पट्ट्यात त्या दिवसांत वारा कोरडा आणि मोकळा वाहतो. बेदाणा करणं म्हणजे द्राक्षातलं पाणी काढून घेणं, दुसरं काही नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एक टन बेदाण्यामागे तीन टन पाणी हवेत जातं. तेवढं पाणी विजेवर उडवायचं म्हटलं तर, यंत्रातली गळती न धरताही, दोन हजार युनिटच्या आसपास वीज लागेल. जुनोनीचा वारा ते काम फुकट करतो.

पण वारा कितीही असला तरी द्राक्ष सहजासहजी पाणी सोडत नाही. घडावर बोट फिरवलं की पांढुरकी लव पुसली जाते ना, ते मेण. सूक्ष्मदर्शकाखाली ते कौलांसारखं एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचं दिसतं. मण्यातलं पाणी मण्यातच राहावं म्हणून वेलीने घातलेलं हे छप्पर आहे. ते तसंच ठेवून घड सावलीत टांगले, तर आठवडे उलटतात आणि तोवर बुरशी आपला वाटा घेऊन जाते.

म्हणून माल आधी डिपिंगमध्ये बुडवतात. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, म्हणजे इथाईल ओलिएट. द्रावण दुधासारखं पांढरं होतं. क्रेटमधले घड त्यात दोन-चार मिनिटं बुडवायचे, निथळायचे आणि रॅकवरच्या जाळीवर एका थरात पसरायचे. तेल मेणाच्या पापुद्र्यांची रचना विस्कटतं आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. साल मात्र फाटत नाही. फाटली तर रस बाहेर येऊन सगळा माल चिकट झाला असता. एवढ्या एका आंघोळीने वाळवणीचा काळ दोन आठवड्यांवर येतो.

ही युक्ती आजची नाही. भूमध्य समुद्राकाठचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या राखेच्या पाण्यात ऑलिव्हचं तेल घालून त्यात द्राक्षं बुडवत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि इथाईल ओलिएट ज्या ओलेइक आम्लापासून बनतं, ते ऑलिव्हच्या तेलात भरपूर असतं. रसायनं ओळखीची, फक्त आता कॅनमधून येतात.

रंगाची गोष्ट वेगळी. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं, त्याच जातीचं विकर (एन्झाइम) द्राक्षातही असतं. थेट उन्हात, तापलेल्या मण्यात ते जोरात काम करतं आणि माल काळपट होतो. शेडला जाळी आणि वर छप्पर असतं ते त्यासाठी: सावली हवी, वारा अडायला नको. पिवळाधमक माल हवा असेल तर गंधकाची धुरी देतात, तिच्यातला वायू या विकराला थोपवतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर किंचित मळकट हिरवा दाणा खाण्यात जास्त मजा आहे, पण सौद्यात दर डोळ्यांनी ठरतो, जिभेने नाही.

आता पैशाची बाजू. नवखा माणूस आधी शेडच्या लोखंडाचा भाव विचारतो. त्याने आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, हातात मावणारं साखर मोजायचं साधन. समजा तुमच्याकडे दहा टन द्राक्षं आहेत. गोडी १८ ब्रिक्स, म्हणजे रसात वजनाने साधारण १८ टक्के साखर, असताना काढली तर त्यात सुमारे १,८०० किलो घन पदार्थ, आणि १५ टक्के ओलावा धरून बेदाणा होतो जवळपास २,१०० किलो. तीच २२ ब्रिक्सला काढली तर २,६०० च्या घरात. बाग तीच, मजुरी तीच, आणि फरक पावणेपाचशे किलोचा. घाईने काढलेला माल वजनात तर मारतोच, शिवाय दाणा पातळ आणि सुरकुतलेला निघतो.

मग थांबत का नाहीत? ढगांमुळे. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, की रॅकवरचा अर्धवट वाळलेला माल हवेतला ओलावा परत ओढून घेतो, मणी चिकटतात, काळे पडतात. अशा वेळी शेडच्या बाजूंचे प्लॅस्टिकचे पडदे सोडायचे आणि पाऊस थांबताच गुंडाळायचे. पडदे तसेच राहिले तर आत वाफ कोंडते, तेही नुकसानच. रात्री दोनला उठून पडदे सोडायची तयारी नसेल, तर या धंद्यात पडू नये.

पहिल्या वर्षी स्वतःचं शेड बांधू नका, हा माझा आग्रह. वर्षातून जेमतेम तीन महिने चालणाऱ्या सांगाड्यात भांडवल अडकतं. किलोवर दर ठरवून वाळवून देणारे शेडमालक मिळतात. एक हंगाम त्यांच्याकडे काढला की डिपिंगपासून मळणी (म्हणजे दाण्यांपासून देठ-काड्या वेगळ्या करणं), प्रतवारी, पॅकिंगपर्यंत सगळं डोळ्यांखालून जातं. पुढे धुण्या-निवडण्याचं युनिट टाकायचं ठरलं, तर २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे. पाकिटावर त्याचा उपयोग करून घेणारे मात्र थोडेच दिसतात.

माल वाळला की नाही, हे कळायला शेडवर अजून मुठीची परीक्षा चालते. मूठभर बेदाणे घ्यायचे, घट्ट आवळायचे आणि मूठ उघडायची. दाणे आपोआप सुटे झाले तर मळणीला घ्या. गोळा तसाच राहिला तर आणखी एक दिवस वारा खाऊ द्या.