चेनसॉ कोरीवकाम

चेनसॉ कोरीवकाम म्हणजे झाडं तोडायच्या पेट्रोल मशीननेच ओंडक्यातून मूर्ती काढणं. ऐकायला उलटंच वाटतं, कारण खान्देशात शिवारातून त्या मशीनचा आवाज आला की कोणाच्या तरी बांधावरचा निंब गेला असंच लोक धरून चालतात. पण या कामातले चांगले कारागीर झाडवेडेच असतात, उभ्या झाडाला हात न लावता वादळात पडलेलं, वाळलेलं नाहीतर रस्ता रुंद करताना निघालेलं खोड शोधत फिरणारे.

साखळी करवतीचं, म्हणजे चेनसॉचं, मूळ गंमतशीर आहे. १८३० मध्ये बर्नहार्ड हाइने या जर्मन माणसाने हाडं कापायला हाताने फिरवायची साखळी करवत बनवली होती. लाकडासाठी विजेवरचं मशीन आंद्रेआस स्टिलने १९२६ मध्ये पेटंट केलं, ते उचलायलाच दोन माणसं लागायची. एकट्याला पेलेल असं मशीन १९५० च्या आसपास आलं आणि मग अमेरिकेत लोक त्याने कोरायला लागले. केन कायझरने १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पर्यटनस्थळासाठी ५० शिल्पं केली, ते या कलेच्या सुरुवातीचं मोठं काम मानतात.

आता लाकडाचं, कारण खरा खेळ तिथेच आहे. सातपुड्यातला साग सरळ रेषांचा, टिकाऊ, वाड्यांचे खांब नि तुळया त्याच्याच, पण त्यात वाळूसारखे बारीक कण असतात म्हणून चेन लवकर बोथट होते. अंजन तर इतकं जड आणि कठीण की तासाभरात दोनदा कानस मारावी लागली तरी नवल नाही. बाभूळ बैलगाडीच्या चाकाला चांगली, कोरायला हट्टी. चिंचेच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे ढलपी कुठे तुटेल याचा भरवसा नाही. निंब मात्र मधला, फार कठीण नाही, किडीला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि गावोगाव मिळतो, नवशिक्याने त्यानेच सुरू करावं. आंबा मऊ लागतो म्हणून मोह होतो पण उघड्यावर ठेवला की कीड आणि बुरशी त्याला सोडत नाही.

आणि आपल्याकडचं ऊन! एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की ओला ओंडका बाहेरून भराभर वाळतो, आत ओल तशीच राहते, आणि बाहेरून गाभ्याकडे लांब चीर जाते, नेमकी मूर्तीच्या तोंडावरून. म्हणून मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत एक उभा काप आधीच घालून ठेवतात, म्हणजे लाकडाला फाटायचंच असेल तर तिथे फाटेल. दोन्ही टोकांना मेण नाहीतर जुना ऑइल पेंट फासायचा आणि ओंडका सावलीत ठेवायचा.

कोरताना आधी खडूने आकृती, मग मोठ्या मशीनने चौकोनी ढोबळ भाग काढायचे, मग बारीक टोकाचा बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) लावून डोळे, पिसं, केस. साध्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून अंगावर येतं, याच्याने जीवघेणा अपघात होऊ शकतो. कोरायच्या बारचं टोक छोटं असल्याने हा झटका बराच कमी बसतो, तरी हेल्मेट, कानाचे बोळे आणि चेनसॉची खास पँट हवीच, लुंगीवर हे काम करू नये. शेवटी ब्लो टॉर्चने वरवर जाळून, ब्रशने काजळी काढून जवसाचं तेल पाजतात.

एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर १९६४ चा कायदा आहे, साग, अंजन, चिंच, मोह अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. गावात कोणी अहिराणीत 'हाई ते जयतन शे भो' (हे तर जळण आहे भाऊ) म्हणत ओंडका देऊन टाकला तरी तो आला कुठून ते विचारून घ्यावं.

खोड मुळासकट जागेवरच ठेवूनही कोरतात. निंब असेल आणि मूळ जिवंत असेल तर पावसाळ्यात बुंध्याला धुमारे फुटतात, ते छाटायचे की राहू द्यायचे हे कोरणाऱ्याच्या मनावर. राहू दिले तर दोन-तीन वर्षांत खोडात कोरलेलं घुबड पाल्यात झाकून जातं.