शालेय संक्रमण

शालेय संक्रमण : विद्यार्थी शिक्षणाच्या एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जातो तेव्हा त्याच्या अभ्यासात, मैत्रीत, दिनक्रमात आणि स्वतःबद्दलच्या समजुतीत होणारे स्थित्यंतर, तसेच ते सुकर व्हावे म्हणून शाळेने करायची पूर्वतयारी. युनेस्कोच्या २०११च्या वर्गीकरणानुसार कनिष्ठ माध्यमिक टप्पा साधारणपणे वयाच्या दहाव्या ते तेराव्या वर्षी आणि वरिष्ठ माध्यमिक टप्पा चौदाव्या ते सोळाव्या वर्षी सुरू होतो. म्हणजे बहुतेक मुलांची शाळा बदलते ती नेमकी शरीर, आवाज आणि मन बदलत असतानाच. प्रस्तुत नोंदीत माध्यमिक शाळेत येणारे नवागत आणि त्यांची वाट पाहणारी शाळा यांचा विचार केला आहे.

नवागतांची तयारी शाळा उघडल्यावर सुरू होते असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती आधीच्या वर्षाच्या अखेरच्या काही आठवड्यांत होते, नाहीतर होतच नाही. त्या आठवड्यांत शाळेची धांदल दोन्ही अंगांनी असते. एका बाजूला उत्तरपत्रिका तपासायच्या, निकालपत्रके भरायची, ग्रंथालयाची पुस्तके परत घ्यायची, दाखले लिहायचे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप द्यायचा. दुसऱ्या बाजूला नव्या मुलांची यादी लावायची, तुकड्या पाडायच्या, वेळापत्रक बसवायचे, कोणत्या वर्गाला कोण वर्गशिक्षक हे ठरवायचे. दोन्ही कामे त्याच माणसांच्या अंगावर असतात आणि ती माणसे वर्षभराच्या कामाने दमलेली असतात. निकालाला ठरलेली तारीख असते, दाखला मागायला पालक दारात उभे असतात. नवागत मात्र अजून आलेलेच नसतात, त्यामुळे त्यांचे काम सहज मागे पडते. याचे मोल पुढे पहिल्या सत्रात मुलांना चुकवावे लागते.

मानवशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली संक्रमणविधींचे तीन टप्पे सांगितले : जुन्यापासून अलग होणे, उंबरठ्यावरचा काळ आणि नव्यात सामावले जाणे. शाळेला ही मांडणी चपखल लागू पडते. जुन्या शाळेचा शेवटचा दिवस आणि नव्या शाळेचा पहिला दिवस यांच्या मधल्या सुटीत मूल कोणत्याच शाळेचे नसते. जुन्या शाळेत ते सर्वांत मोठे होते, लहान मुले त्याला वाट देत. नव्या शाळेत ते सर्वांत धाकटे होणार असते. शाळा पहिल्या टप्प्यासाठी समारंभ करते आणि तिसऱ्यासाठीही करते. उंबरठ्यावरचा मधला काळ मात्र बहुधा कोणाच्याच खात्यावर नसतो.

या टप्प्यावर मुलांची गती मंदावते हे अनेकदा नोंदले गेले आहे. इंग्लंडमध्ये मॉरिस गॉल्टन, जॉन ग्रे आणि जीन रडक यांच्या १९९९च्या अहवालात असे आढळले की, शाळा बदलल्यानंतरच्या वर्षात पाचपैकी दोनपर्यंत मुले अपेक्षित प्रगती करीत नाहीत. अमेरिकेत रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी मिलवॉकीतील मुलामुलींचा अभ्यास करून १९८७ साली दाखवले की, शाळाबदल, वयात येणे आणि घरातील उलथापालथ एकाच वेळी वाट्याला आली की स्वाभिमान आणि गुण दोन्ही घसरतात. मुलींना याचा त्रास अधिक जाणवतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन कोलमन यांनी १९७४मध्ये मांडलेला विचारही याच दिशेचा आहे : किशोरवयीन मूल एका वेळी एकाच प्रश्नाला नीट भिडू शकते, प्रश्न एकावर एक येऊन पडले तर ते डगमगते.

दोष केवळ वयाचा मानला तर शाळेला करण्यासारखे काही उरत नाही. जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली यांनी १९८९मध्ये वेगळे उत्तर दिले. या वयात मुलाला स्वतः निर्णय घ्यावेसे वाटतात, तर नव्या शाळेत नियम वाढतात. त्याला घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाशी जवळीक हवी असते, तर एका शिक्षकाऐवजी सात-आठ शिक्षक तासातासाने येऊन जातात. चारचौघांत आपण कसे दिसतो याची त्याला सर्वाधिक धास्ती असते, तर नेमकी याच वेळी गुणांची जाहीर तुलना सुरू होते. वय आणि व्यवस्था यांचा मेळ बसत नाही. वय बदलता येत नाही. व्यवस्था बदलता येते. प्रस्तुत विषयातील सर्व उपाय या एका वाक्यावर उभे आहेत.

त्यांतला पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे माहितीचे हस्तांतर. जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे काय जाते? नाव, जन्मतारीख, गुण आणि वर्तनाचा एखादा शेरा. ‘विज्ञान ४३’ या नोंदीतून नव्या शिक्षकाला मुलाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. त्याऐवजी जुन्या वर्गशिक्षिकेने एवढेच लिहिले असेल की, ‘तोंडी विचारले तर नीट सांगतो, लिहायला बसवले की कागद कोरा राहतो. मित्राजवळ बसला तर लिहितो. सोमवारी बरेचदा गैरहजर’, तर नव्या शिक्षकाच्या हातात पहिल्याच दिवशी तीन धागे येतात. अशी नोंद लिहायला पाच मिनिटे पुरतात. ती लिहिली गेली नाही, तर तेच कळायला नव्या शाळेत कित्येक आठवडे जातात आणि तोवर मुलाच्या नावापुढे ‘आळशी’ हा शब्द लागून गेलेला असतो.

नव्या शाळेतील बरेच शिक्षक अशा नोंदी मुद्दाम वाचत नाहीत. ‘आमच्याकडे प्रत्येकाची पाटी कोरी’ असे ते म्हणतात आणि त्यामागे चांगुलपणा असतो : मागे दंगा केलेल्या मुलाला नव्याने उभे राहायची संधी मिळावी. ती मिळायलाच हवी. पण कोऱ्या पाटीबरोबर मुलाने शिकलेलेही पुसले जाते. गेल्या वर्षी सोडवलेली समीकरणे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतात. ज्याला येते तो कंटाळतो, ज्याला येत नव्हते तो पुन्हा त्याच जागी अडतो. यातला भेद सोपा आहे आणि तो काटेकोरपणे पाळावा : मूल कसे शिकते, कुठे अडते, कोणाच्या आधाराने पुढे सरकते, त्याला दृष्टीचा, ऐकण्याचा वा वाचनाचा काही त्रास आहे का, हे पुढे जावे; त्याने कधी काय गुन्हा केला याची यादी मागेच राहावी. शिक्षा भोगून झालेल्या चुका नव्या शाळेच्या कपाटात ठेवण्याचे काही कारण नाही. अपवाद एकच, मुलाच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेचा. ती माहिती सर्वांत न फिरवता संबंधित व्यक्तीकडे थेट द्यावी.

याला जोडून काही ठिकाणी सेतू-पाठ वापरतात. एखादा छोटा प्रकल्प किंवा लेखन जुन्या शाळेत अर्धे करायचे आणि वही नव्या शाळेत घेऊन जायची. नव्या शिक्षकाने ती वही उघडली तरच याला अर्थ आहे. न उघडलेली वही मुलाला फार स्पष्टपणे सांगते की, तू आतापर्यंत केलेले इथे मोजले जात नाही.

सत्राच्या अखेरीला होणारा आणि अतिशय क्षुल्लक वाटणारा निर्णय म्हणजे तुकड्या पाडणे. यादी आडनावाने किंवा गुणांनी लावून सरळ कापली की काम दहा मिनिटांत संपते. त्या कापण्यात एकमेव मैत्रीण दुसऱ्या तुकडीत जाते आणि एखादी मुलगी पहिले दोन महिने मधल्या सुटीत जिन्याखाली उभी राहून डबा संपवते. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक नवागताकडून त्याला हव्या असलेल्या दोन-तीन सोबत्यांची नावे घ्यावीत आणि त्यांतले निदान एक त्याच्या तुकडीत असेल एवढे पाहावे. यादी दोनदा लावावी लागते. पण या श्रमांची भरपाई लवकर होते.

रचनेतील बदलाचा सर्वांत ठळक दाखला रॉबर्ट फेल्नर आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा आहे. एका मोठ्या शहरी माध्यमिक शाळेत त्यांनी दोनच गोष्टी बदलल्या. नवागतांचा एक गट बहुतेक मुख्य विषयांना एकत्रच राहील असे वेळापत्रक बसवले. आणि वर्गशिक्षकाची भूमिका वाढवली : हजेरी तोच घेणार, गैरहजेरीची चौकशी घरी तोच करणार, विषय निवडताना मुलाशी तोच बोलणार. वर्षाच्या शेवटी या गटाची हजेरी आणि गुण इतर नवागतांपेक्षा चांगले होते, आणि इतरांचा स्वतःविषयीचा विश्वास घसरला तसा त्यांचा घसरला नाही. पुढे याच पद्धतीत या मुलांचे वर्गही एकमेकांना लागून ठेवण्यात आले. नवी इमारत किंवा नवा विषय कशाचीच गरज पडली नाही; वेळापत्रक लावणाऱ्याने ते कागदावर मांडतानाच नवागतांचा विचार केला होता. म्हणूनच हे काम सत्र संपण्याआधीचे आहे. वेळापत्रक एकदा छापून भिंतीवर लागले की कोणी त्याला हात लावत नाही.

मोठ्या मुलांना नवागतांचे सोबती म्हणून नेमण्याची प्रथा अनेक देशांत आहे. यात वारंवार होणारी चूक अशी की, सर्वांत हुशार आणि नावाजलेली मुले निवडली जातात. ज्याने स्वतः इथे पहिले दिवस अडखळत काढले आणि ज्याला ते अजून आठवतात, तो नवागताला अधिक उपयोगी पडतो. शेवटच्या वर्षाची मुले निघून जाणार, त्यामुळे निवड त्यांच्या खालच्या वर्गांतून आणि सुटी लागण्याआधी करावी लागते. त्यांना भाषण शिकवायची गरज नसते. नवागताचे नाव पहिल्या दिवशी उच्चारता येणे, प्रयोगशाळेकडे जाणारा जिना दाखवणे, आणि दुसऱ्या आठवड्यात ‘जेवायला कोणाबरोबर बसतोस?’ एवढे विचारणे पुरते. दुसऱ्या आठवड्यातला प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिल्या दिवशी सगळेच विचारतात.

परीक्षा संपून निकाल लागेपर्यंतचे विरळ हजेरीचे दिवस वाया जातात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. नवागतांना शाळा दाखवायला याहून चांगला काळ नाही. भेट सभागृहातल्या भाषणाने भरून टाकू नये. मुलांच्या हातात नमुन्याचे वेळापत्रक द्यावे आणि तास बदलल्याची घंटा झाली की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांना स्वतः जाऊ द्यावे. रस्ता चुकण्याची भीती, सामानाच्या कपाटाचे कुलूप न उघडण्याची भीती, मोठ्या मुलांची भीती या मोठ्यांना किरकोळ वाटतात. मुले मात्र नव्या शाळेविषयी विचारल्यावर अभ्यासाच्या आधी याच सांगतात. एकदा चुकून पुन्हा वाट सापडली की ही भीती बरीच ओसरते.

मधल्या सुटीचाही परिणाम होतो. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात उन्हाळ्याच्या सुटीत मुलांचे सरासरी सुमारे एक महिन्याचे शिकलेले मागे पडते आणि वाचनापेक्षा गणितात ही घट जास्त असते असे दिसले. नवागतांच्या बाबतीत ही घट शाळाबदलाच्या धक्क्यात मिसळते आणि कोणती कशामुळे झाली हे ओळखणे अवघड जाते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घेतलेल्या चाचणीवरून मुलाची गुणवत्ता ठरवणे अन्यायाचे होते.

पहिल्या वर्षाचे वजन किती, हे शिकागोतील शाळांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. एलेन ॲलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांच्या २००५च्या अहवालानुसार, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाअखेरीस वाटेवर असलेली, म्हणजे पुढच्या वर्गात जाण्याइतके विषय पूर्ण केलेली आणि मुख्य विषयांत फारशी नापास न झालेली मुले, वाट सुटलेल्या मुलांच्या तुलनेत, चार वर्षांत शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता साडेतीन पट अधिक होती. त्यांच्या २००७च्या अभ्यासात असेही दिसले की, पहिल्या वर्षी कोण नापास होईल हे आधीच्या परीक्षांच्या गुणांपेक्षा त्या वर्षीच्या हजेरीवरून जास्त नीट कळते. वर्गशिक्षकाच्या टेबलावरचा हजेरीपट म्हणजे शाळेतील सर्वांत लवकर बोलणारा कागद. सलग दोन सोमवार कोरे दिसले की त्याच आठवड्यात घरी फोन जायला हवा.

आपण इथले आहोत ही भावना निर्माण करण्याचा एक साधा प्रयोग जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील ११ शाळांत १,३०४ सहावीच्या मुलांवर केला. निष्कर्ष २०१९मध्ये आले. आदल्या वर्षीच्या मुलांच्या आठवणी नवागतांना वाचायला दिल्या : सुरुवातीला आम्हालाही एकटे वाटले, परीक्षेची धास्ती होती, पुढे ते कमी झाले. मग स्वतःविषयी थोडे लिहायला सांगितले. या मुलांत शिस्तभंगाच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी, गैरहजेरी १२ टक्क्यांनी आणि नापास होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी कमी आढळले. अशा आठवणी गोळा करायला सत्राची अखेर हाच योग्य वेळ, कारण आदल्या वर्षीचे नवागत त्याच वेळी आपले पहिले वर्ष पूर्ण करीत असतात आणि त्यांना अजून सगळे ताजे आठवत असते.

या साऱ्या तयारीत दोन गट हमखास निसटतात. त्याच वर्गात पुन्हा बसणारे विद्यार्थी शाळेला जुने असतात. पण त्यांच्याभोवतीचा वर्ग पूर्ण नवा असतो आणि त्यांचे सोबती वरच्या मजल्यावर गेलेले असतात. त्यांची नावे नवागतांच्या यादीत धरली पाहिजेत. दुसरा गट वर्षाच्या मध्ये दाखल होणाऱ्यांचा : पालकांची बदली, स्थलांतर, घरातील मृत्यू अशा कारणांनी ही मुले एकेकटी येतात आणि त्यांच्यासाठी ना भेटीचा दिवस असतो ना सोबती. काही शाळा यासाठी प्रत्येक तुकडीत दोन विद्यार्थी वर्षभरासाठी नेमून ठेवतात, एक रिकामा बाक मुद्दाम राखतात आणि जुन्या शाळेकडे दाखल्याबरोबर वर सांगितलेली चार ओळींची नोंद मागतात.