बढती, गुणवत्ता आणि वंश : अमेरिकेतील साठ वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरीतल्या बढत्यांवरून वंशभेदाचे जे खटले झाले, त्यांचा मथळा दरवेळी ‘गुणवत्ता की वंश’ असा असतो. निकालपत्रे उघडली की भांडण बऱ्यापैकी रुक्ष बाबींवर चाललेले दिसते. लेखी परीक्षेला किती टक्के वजन, कटऑफ कुठे, ज्येष्ठता खात्यातली धरायची की कंपनीतली, गुणांच्या यादीतून वरचे किती जण घ्यायचे, हे ते मुद्दे. उमेदवार परीक्षेला बसतो तोवर यातले सगळे ठरून गेलेले असते, आणि बढती कोणाला मिळणार हेही बरेचसे तिथेच ठरते.

सुरुवात नॉर्थ कॅरोलायनातील ड्रेपर गावाजवळच्या वीजकेंद्रापासून करावी लागते. ड्यूक पॉवर कंपनीच्या या डॅन रिव्हर केंद्रात पाच खाती होती: मजूर खाते, कोळसा हाताळणी, संचालन, देखभाल आणि प्रयोगशाळा. ९५ कर्मचाऱ्यांपैकी कृष्णवर्णीय १४, आणि ते सगळे मजूर खात्यात. त्या खात्यातला सर्वांत जास्त पगार बाकी चार खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. बढती खात्यातल्या खात्यात, ज्येष्ठतेनुसार मिळे. १९५५ पासून कंपनीने मजूर खाते सोडून इतरत्र घेताना हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट घातली होती. त्याआधी लागलेले गोरे कामगार मात्र त्या दाखल्याशिवायच काम करत होते, व्यवस्थित करत होते आणि बढत्याही घेत होते.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण नोकरीतल्या भेदभावाविषयी आहे. ते २ जुलै १९६५ रोजी लागू झाले. ड्यूक पॉवरने कृष्णवर्णीयांवरची उघड बंदी उठवली आणि त्याच दिवशी मजूर खात्याबाहेरच्या नव्या भरतीसाठी दाखल्याच्या जोडीला दोन चाचण्या आणल्या: वंडरलिक आणि बेनेट. पहिली सर्वसाधारण बुद्धिमत्तेची, ५० प्रश्न १२ मिनिटांत. दुसरी यांत्रिक आकलनाची. सप्टेंबरपासून, दाखला नसलेल्या जुन्या कामगारांनाही या दोन्ही चाचण्या पार केल्या तर मजूर खात्यातून किंवा कोळसा हाताळणीतून आतल्या खात्यांत जाता येऊ लागले. कटऑफ होता देशभरातल्या हायस्कूल उत्तीर्णांच्या मध्यांकाच्या आसपास. याचा अर्थ, हायस्कूल झालेल्यांपैकीही निम्मे तिथे गळणार. कोळशाच्या खात्यात वरचे काम करायला या चाचणीतले काय लागते, हे कोणी तपासले नव्हते.

कायद्यात चाचण्यांना मुभा होती. विधेयकावरच्या चर्चेत इलिनॉयमधील मोटोरोला कंपनीच्या एका चाचणीचे प्रकरण गाजले होते आणि टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांच्या आग्रहावरून ‘व्यावसायिक पद्धतीने तयार केलेली’ चाचणी वापरता येईल असे कलम आले. अट एवढीच, की ती भेदभावासाठी रचलेली किंवा वापरलेली नसावी. ड्यूक पॉवरने त्याच कलमाकडे बोट दाखवले.

८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात एकमताने निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या या निकालाने कंपनीचा हेतू वाईट नव्हता हे मान्यच केले. तरीही, जी अट कागदावर सगळ्यांना सारखी आहे पण प्रत्यक्षात एका गटाला मोठ्या प्रमाणात बाहेर ठेवते, तिचा कामाशी संबंध मालकाने सिद्ध केला पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. आकडे बोलके होते. १९६० च्या जनगणनेत नॉर्थ कॅरोलायनात ३४ टक्के गोरे पुरुष हायस्कूल झालेले होते, कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के. वंडरलिक आणि बेनेटचा समावेश असलेल्या चाचणीसंचात, समान रोजगार संधी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात, गोरे ५८ टक्के उत्तीर्ण झाले होते आणि कृष्णवर्णीय ६ टक्के. राज्यातल्या शाळाच वेगळ्या आणि निकृष्ट ठेवल्या असतील, तर शाळेचा दाखला मागणे तटस्थ कसे, हा त्यामागचा साधा तर्क.

मग पुढचा प्रश्न आला: ‘कामाशी संबंध’ सिद्ध करायचा कसा? इथे अल्बेमार्ल पेपर कंपनीचा १९७५ चा खटला वाचण्यासारखा आहे, कारण काय काय चुकू शकते याचा तो नमुनाच आहे. रोअनोक रॅपिड्स येथील या कागद गिरणीने खटला सुनावणीला येण्याच्या चार महिने आधी एक तज्ज्ञ नेमला. त्याने गिरणीत अर्धा दिवस घालवला आणि चाचणी कामाशी जुळते का हे पाहणाऱ्या अभ्यासाचा आराखडा गिरणीच्याच अधिकाऱ्यांच्या हाती दिला. अधिकाऱ्यांनी १०५ कामगारांच्या जोड्या लावल्या आणि दोघांपैकी ‘चांगला कोण’ हे मुकादमांना विचारले. चांगला कशात, हे सांगितलेच नव्हते. शिवाय १०५ पैकी १०१ गोरे, बहुतेक वरच्या जागांवरचे आणि अनुभवी. चाचणी मात्र वापरायची ती खालच्या जागेवर पाऊल ठेवणाऱ्या नवख्यांसाठी. न्यायालयाने हा अभ्यास फेटाळला. चाचणी कशाशी ताडून पाहायची तो निकषच मुकादमाच्या मनातला असेल, तर आकडेवारी कितीही नीट मांडली तरी ती मुकादमाची आवडनिवडच मोजते.

१९७८ मध्ये चार केंद्रीय यंत्रणांनी मिळून निवड प्रक्रियांसाठी एकसमान मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातला ‘चार-पंचमांश नियम’ आजही मनुष्यबळ विभागांच्या तोंडी असतो. सर्वाधिक उत्तीर्ण दर असलेल्या गटाचा दर घ्यायचा. दुसऱ्या गटाचा दर त्याच्या ८० टक्क्यांहून कमी भरला, की प्रतिकूल परिणाम झाला असे प्रथमदर्शनी धरायचे. हा नियम दोषी ठरवत नाही, पुरावा मागायचा की नाही एवढेच सांगतो. उमेदवार थोडे असतील तर तो फसवाही ठरतो: दहा जणांच्या गटात एक जण इकडेतिकडे झाला की दर दहा टक्क्यांनी हलतो.

हा हिशेब शेवटच्या यादीवर करायचा की प्रत्येक टप्प्यावर, याचा निकाल कनेक्टिकट विरुद्ध टील या १९८२ च्या खटल्यात लागला. राज्याच्या कल्याण विभागातल्या पर्यवेक्षकपदासाठी लेखी परीक्षा झाली. ४८ कृष्णवर्णीयांपैकी २६ उत्तीर्ण (५४.१७ टक्के), २५९ गोऱ्यांपैकी २०६ (७९.५४ टक्के). गुणोत्तर ६८ टक्के, नियमात नापास. पण खटला सुनावणीला येण्याच्या सुमारास राज्याने उत्तीर्णांमधून ज्या बढत्या दिल्या, त्या परीक्षा दिलेल्या कृष्णवर्णीयांपैकी २२.९ टक्क्यांना मिळाल्या आणि गोऱ्यांपैकी १३.५ टक्क्यांना. शेवटी बेरीज जुळतेय ना, असा राज्याचा पवित्रा. न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी नाकारला. फिर्यादी चौघेजण त्याच पदावर जवळपास दोन वर्षे हंगामी काम करत होते आणि या परीक्षेत अडकले होते. दुसऱ्या कोणाला बढती मिळाल्याने त्यांचे नुकसान भरून निघत नव्हते. कायदा व्यक्तीला संरक्षण देतो, गटाच्या टक्केवारीला नाही, हे वाक्य पुढे विरोधी बाजूनेही मनसोक्त वापरले.

परीक्षेइतकीच ज्येष्ठताही अडचणीची होती, तिची चर्चा मात्र कमी होते. कृष्णवर्णीय कामगाराला चांगल्या खात्यात जायची परवानगी मिळाली तरी तिथे त्याची ज्येष्ठता शून्यापासून मोजत. वीस वर्षे नोकरी झालेला माणूस यादीत तळाला, आणि मंदी आली की पहिला घरी. व्हर्जिनियातल्या फिलिप मॉरिसच्या खटल्यात जिल्हा न्यायालयाने १९६८ मध्ये अशी रचना बेकायदा ठरवली होती. पण १९७७ मध्ये टीमस्टर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशा घेतली: ज्येष्ठतेची पद्धत प्रामाणिकपणे सुरू केलेली असेल तर कायद्याआधीच्या भेदभावाचा परिणाम तिच्यातून पुढे वाहत आला तरी ती टिकेल. कामगार संघटनांचा करार एवढा पवित्र मानला गेला, आणि एका अख्ख्या पिढीची वाट तिथे अडली. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महागडा निकाल म्हणावा लागेल.

परीक्षाच नको, वरिष्ठांच्या मतावर बढती द्या, हा मार्गही मोकळा राहिला नाही. फोर्ट वर्थमधल्या सुमारे ८० कर्मचाऱ्यांच्या एका बँकेत बढतीचे लेखी निकषच नव्हते. एका कृष्णवर्णीय महिलेला चार वेळा डावलले गेले. १९८८ मध्ये न्यायालयाने म्हटले, की वरिष्ठांचे अलिखित मत हीसुद्धा निवडीची पद्धतच आहे आणि तिचा परिणाम तपासता येतो.

राखीव प्रमाणाचे प्रकरण वेगळे. अलाबामाच्या राज्य पोलिसांत ३७ वर्षांत एकही कृष्णवर्णीय शिपाई घेतला गेला नव्हता, हे १९७२ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले. त्यानंतरही बढतीची निर्दोष परीक्षा बनवायला राज्याने दहा-अकरा वर्षे टाळाटाळ केली. शेवटी एक गोरा, एक कृष्णवर्णीय अशा बढत्यांचा आदेश निघाला आणि १९८७ मध्ये तो पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. तो टिकला तो राज्याच्या दीर्घ हट्टामुळे. सर्वसाधारण धोरण म्हणून नव्हे.

१९९१ च्या सुधारित कायद्याने ग्रिग्जचे तत्त्व प्रथमच कलमात लिहिले. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली: वंशानुसार गुण वाढवणे, वेगळा कटऑफ लावणे किंवा निकालात फेरफार करणे यावर बंदी घातली. काही संस्थांनी मग ‘पट्टे’ पाडले. मापनातली चूक लक्षात घेऊन जवळचे गुण सारखे मानायचे. समजा, गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १० आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर गुण किती सारखे येतील, ० ते १ या मापावर) ०.८४. मापनाची प्रमाण चूक १० गुणिले ०.१६ चे वर्गमूळ, म्हणजे ४. दोन उमेदवारांमधल्या फरकाची चूक त्याच्या १.४१ पट, सुमारे ५.७, ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणले की ११. म्हणजे ९२ आणि ८३ यांत खरा फरक आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. दशांश चिन्हापर्यंत क्रमवारी लावून पहिल्या तिघांत बढती वाटणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहराच्या अग्निशमन दलात हे गणित झालेच नव्हते. २००३ च्या अखेरीस लेफ्टनंट आणि कॅप्टन या पदांसाठी ११८ जवानांनी परीक्षा दिली. इलिनॉयच्या एका कंपनीला १ लाख डॉलरचे काम दिले होते. तिने अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्यासोबत गाडीवर जाऊन काम पाहिले, मगच प्रत्येक पदासाठी १०० प्रश्नांची लेखी परीक्षा बनवली. तोंडी परीक्षेला तिघांची मंडळे, आणि परीक्षकांपैकी दोनतृतीयांश अल्पसंख्याक. तयारीला तीन महिने. लेखी ६० टक्के, तोंडी ४० टक्के, उत्तीर्ण व्हायला एकूण ७० गुण.

निकाल असा: कॅप्टनसाठी २५ गोऱ्यांपैकी १६, आठ कृष्णवर्णीयांपैकी ३ आणि आठ हिस्पॅनिकांपैकी (स्पॅनिशभाषक मुळाच्या उमेदवारांपैकी) ३ उत्तीर्ण. लेफ्टनंटसाठी ४३ पैकी २५, १९ पैकी ६ आणि १५ पैकी ३. दर काढले तर लेफ्टनंटसाठी ५८, ३२ आणि २० टक्के. चार-पंचमांशाची रेषा ४६ वर पडते. त्यावर शहराच्या सनदेतला ‘पहिल्या तिघांतून निवडा’ हा नियम. लेफ्टनंटच्या आठ जागांसाठी पात्र ठरलेले दहाही जण गोरे. कॅप्टनच्या सात जागांसाठी नऊ जण, त्यात सात गोरे आणि दोन हिस्पॅनिक. खटल्याच्या भीतीने शहराने यादी प्रमाणित केलीच नाही. मार्च २००४ मध्ये त्यावर नागरी सेवा मंडळाची मते दोन-दोन पडली आणि यादी तिथेच अडली.

मग उत्तीर्ण झालेल्यांनी खटला भरला. २९ जून २००९ रोजी रिची विरुद्ध डिस्टेफानो खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराला चूक ठरवले: खटला हरण्याचा सबळ पुरावा हाती नसताना केवळ वंशनिहाय निकाल पाहून परीक्षा रद्द करणे हाच भेदभाव आहे.

या निकालपत्रातला ६०-४० चा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. लेखीला ३० आणि तोंडीला ७० टक्के धरले असते तर कृष्णवर्णीय उमेदवारही बढतीच्या टप्प्यात आले असते, असा शहराचा मुद्दा होता. बहुमताचे उत्तर: ६०-४० हे प्रमाण कामगार संघटनेशी झालेल्या करारातून आले आहे, तेव्हा ते काही तर्काने ठरले असेल असे आम्ही गृहीत धरतो, आणि परीक्षेनंतर ते बदलणे म्हणजे १९९१ च्या कायद्याने बंद केलेला फेरफारच. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात नोंदवले, की करार दोन दशके जुना आहे आणि आगीच्या ठिकाणी जवानांना हुकूम देण्याची कुवत लेखी परीक्षेतून कितपत कळते हे कोणी पाहिलेच नाही. एवढी काटेकोर चाचणी बनवणाऱ्या कंपनीलाही वजन बदलायची मुभा नव्हती.

या निकालातून व्यवहारात जे उतरले ते एवढेच: शंका असतील त्या परीक्षेआधी सोडवा. कामाचे विश्लेषण, वजन, कटऑफ, पर्यायी पद्धती हे सगळे उमेदवारांची नावे कळण्यापूर्वी तपासून लेखी ठेवायचे. निकाल लागल्यावर हात लावला की दोन्ही बाजूंनी खटल्याचा धोका.

२३ एप्रिल २०२५ च्या कार्यकारी आदेशाने केंद्रीय यंत्रणांना, हेतू न पाहता केवळ परिणामावरून भेदभाव ठरवणाऱ्या तरतुदींच्या अंमलबजावणीला कमी प्राधान्य द्यायला सांगितले. त्याआधी जानेवारीत, सरकारी कंत्राटदारांवर सकारात्मक कृतीचे (डावलल्या गेलेल्या गटांना संधी देण्यासाठी खास प्रयत्न करण्याचे) बंधन घालणारा १९६५ चा आदेश रद्द झाला होता. ५ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या एम्स खटल्यात एकमताने सांगितले, की बहुसंख्य गटातल्या फिर्यादीकडून जास्तीचा पुरावा मागता येणार नाही. ते प्रकरण लैंगिक कलाच्या आधारावर बढती नाकारल्याचे होते, पण नियम वंशालाही तोच लागतो. १९९१ चे कलम मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केलेले आहे, आदेशाने ते पुसले जात नाही. सरकारी यंत्रणा मागे सरकली तरी डावललेला कर्मचारी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार नोंदवून, खटला भरण्याचे परवानगीपत्र घेऊन स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. तक्रारीची मुदत घटनेपासून १८० दिवस, आणि ज्या राज्यात स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा आहे तिथे ३०० दिवस.