टेम्प्लेट क्लासमधली राहून गेलेली अट

पूर्णांकांसाठी स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी बाहेर देणारी रचना) लिहिला, आता दशांश संख्यांसाठी हवा. आतला कोड तोच, फक्त टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, वेगळा. 1980 च्या दशकात सी प्लस प्लस या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना अशा वेळी कोड कॉपी करावा लागे, व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही टाइपकडे नेणारा पत्ता) वापरून टाइपच्या तपासणीवर पाणी सोडावं लागे, नाहीतर मॅक्रोला, म्हणजे एका नावाच्या जागी ठरलेला कोड टाकणाऱ्या सूचनेला, हात घालावा लागे.

मॅक्रोत अख्खा क्लास लिहायचा तर जवळपास प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश. प्रीप्रोसेसर (कंपायलरच्या आधी कोडचा मजकूर बदलणारा भाग) त्या सगळ्या ओळी जोडून एकच करतो. त्यामुळे चूक पाचव्या ओळीत असो की पस्तिसाव्या, कंपायलर बोट दाखवणार ते मॅक्रो जिथे वापरला त्या ओळीकडे. शिवाय प्रीप्रोसेसरला टाइप कळतच नाही, तो नुसते शब्द बदलतो.

बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवणाऱ्या ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सुरुवातीला मॅक्रोवरच भागवलं. 1988 मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत त्यांनी टेम्प्लेटचा, म्हणजे टाइपची जागा रिकामी ठेवून एकदाच लिहायच्या कोडचा, आराखडा मांडला. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने 1970 च्या दशकात केलेल्या क्लू भाषेत टाइपला पॅरामीटर मानण्याची सोय आधीच होती. तिथे ‘या टाइपला अमुक क्रिया आल्याच पाहिजेत’ अशी अटही लिहिता येई. सी प्लस प्लसने ही अट घेतली नाही. टाइप आत बसवून बघायचा, चाललं तर चाललं.

या मोकळीकीने खूप दिलं, हे मनापासून मान्य करायला हवं. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी नोव्हेंबर 1993 मध्ये प्रमाणीकरण समितीपुढे मांडलेली आणि पुढच्याच वर्षी स्वीकारली गेलेली एसटीएल (तयार रचना आणि अल्गोरिदमांची लायब्ररी) तिच्यावरच उभी राहिली.

किंमत मात्र वापरणाऱ्याने मोजली. क्रम लावणाऱ्या सॉर्टला लिंक्ड लिस्टचे (एकातून दुसऱ्याकडे जोडलेल्या घटकांच्या यादीचे) इटरेटर, म्हणजे घटकांची जागा दाखवणारे दर्शक, दिले की लायब्ररीच्या पोटात, आपण कधी न उघडलेल्या फाइलमध्ये, वजाबाकी जमत नाही म्हणून पानभर एरर. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच काही येत नाही. माझ्या मते, अट नसण्याचं हे सर्वांत मोठं नुकसान.

अट परत आणण्याचा प्रयत्न झाला, पण 2009 मध्ये फ्रँकफर्टच्या बैठकीत ‘कॉन्सेप्ट्स’, म्हणजे टाइपवर लिहायच्या अशा अटी, भाषेच्या नव्या प्रमाणाच्या मसुद्यातून काढले गेले. त्यांचा सुटसुटीत अवतार अखेर सी प्लस प्लस 20 या आवृत्तीत आला. आता रेंजेस या नव्या लायब्ररीतल्या सॉर्टला तीच लिस्ट दिली की कंपायलर तुमच्याच ओळीवर थांबतो आणि सांगतो: रँडम ॲक्सेसची (कुठल्याही घटकावर थेट उडी मारता येण्याची) अट पुरी होत नाही.