कार्डावरची उचल

समजा, शनिवारी रात्री दहा वाजता दवाखान्यात अनामत रोखीनं भरायची आहे. बचत खात्यात सातशे रुपये आहेत. पाकिटात क्रेडिट कार्ड आहे, पिन पाठ आहे, एटीएम कोपऱ्यावरच आहे. मशीन दहा हजार रुपये विनातक्रार मोजून देतं.

महिन्याभरानं ते फेडायला गेलं की हिशोब असा निघतो. रोख काढण्याचं शुल्क अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये. बऱ्याच मोठ्या बँकांच्या दरपत्रकात हेच आकडे दिसतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२; तीस दिवसांचे होतात ३४५ रुपये. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला जीएसटीतून सूट नाही, म्हणून त्यावर आणखी ६२. बेरीज ९९७. गावाकडच्या भाषेत याला ‘शेकडा दहा’ म्हणतात, आणि या दरानं पैसे देणाऱ्याला कोणी चांगलं म्हणत नाही. दुसऱ्या महिन्यापासून शुल्क नसतं, उरतं नुसतं व्याज आणि त्यावरचा कर. तरी वर्षाचा दर साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या आसपास राहतोच.

बँकेच्या कागदावर याचं नाव ‘कॅश ॲडव्हान्स’. मराठीत त्याला फार जुना शब्द आहे: उचल. ऊसतोडणीला जाणारं कुटुंब हंगामाआधी मुकादमाकडून घेतं ती उचल. पुढच्या कमाईवर आज हात मारायचा आणि ती फिटेपर्यंत बांधून घ्यायचं. प्लास्टिकचं कार्ड आणि कोयता यांच्यात अंतर पुष्कळ आहे, पण शब्द दोन्हीकडे तंतोतंत बसतो.

कार्डाचा जन्म मात्र उचलीसाठी झाला नव्हता. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा यांनी ‘डायनर्स क्लब’ काढला, तो हॉटेलची बिलं भरण्यासाठी. कार्ड पुठ्ठ्याचं होतं. महिनाअखेर सगळी रक्कम चुकती करायची, व्याजाचा प्रश्नच नव्हता. वाण्याच्या वहीसारखा प्रकार, फक्त वही अनेक दुकानांत चालणारी. बाकी पुढच्या महिन्यात ओढत नेण्याची सोय सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचवली ती बँक ऑफ अमेरिकानं. सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात तिनं साठ हजार लोकांना न मागता कार्डं टपालानं पाठवून दिली. बँकेच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पैसे बुडाले, तरी तिनं धंदा सोडला नाही. त्याच कार्डाचं १९७६ साली ‘व्हिसा’ झालं. न मागता कार्ड पाठवायला आज आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची बंदी आहे.

कार्डानं खरेदी केली की पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात आणि रोख काढली की त्याच दिवसापासून मीटर सुरू होतं, हा फरक लोकांना लबाडी वाटतो. त्यामागचा हिशोब साधा आहे. खरेदीत बँकेला दुकानदार पैसे देतो: हजाराच्या विक्रीमागे पंधरा-वीस रुपये कापूनच रक्कम त्याच्या हाती पडते आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ग्राहकाला दिलेले बिनव्याजी दिवस या पैशावर चालतात. एटीएममध्ये दुकानदारच नाही, तेव्हा सगळं काही एकट्या ग्राहकाकडून. दुसरं कारण बँका जाहिरातीत सांगत नाहीत. महागडी रोख कार्डावरून उचलणारा माणूस बहुधा आधीच अडचणीत असतो, तो बुडवण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याला दर जास्त. आणि दर जास्त म्हणून तो बुडण्याची शक्यता आणखी जास्त. कुठल्याही सावकाराला हे चक्र शिकवावं लागत नाही. एकूण मर्यादेपैकी साधारण वीस ते चाळीस टक्केच रोखीत काढू देण्याची पद्धतही याच भीतीतून आलेली.

भारतात डायनर्स क्लब आला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, काली मोदी यांच्या पुढाकारानं. मूठभर श्रीमंतांपुरता. बँकेचं पहिलं कार्ड १९८० सालचं, मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचं ‘सेंट्रलकार्ड’. पहिलं एटीएमही मुंबईतच, १९८७ साली, एचएसबीसीनं बसवलं. ही दोन यंत्रं एकमेकांना भेटल्यावर उचलीतला शेवटचा अडथळा गेला. सावकाराच्या ओट्यावर बसावं लागत होतं. तो घरची चौकशी करायचा, कधी नाही म्हणायचा, आणि आपण पैसे मागतोय हे चार लोक बघायचे. गिरणगावात पगाराच्या दिवशी गेटावर पठाण उभा असायचा; ‘पठाणी व्याज’ हा शब्द तिथूनच मुंबईच्या तोंडी बसला. एटीएमच्या काचेच्या खोलीत यातलं काही नाही. पडद्यावर रक्कम, हिरवं बटण, नोटांची फडफड. कार्ड डेबिट आहे की क्रेडिट, याचा मशीनच्या आवाजात काही फरक पडत नाही.

मग एवढ्या व्याजाला कायद्यानं काही मर्यादा आहे की नाही? हा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना आहे. त्याचं एक उत्तर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात मिळालं होतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद पडला, इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढला आणि उधारी बंद झाली. शेतकऱ्याकडून जुन्या रोख्याच्या जागी नवा रोखा लिहून घेतला जायचा, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून. अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिलंय ते कळत नसे. सुपे हे बाजारपेठेचं गाव. तिथे लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि मागितली ती मुख्यतः एकच गोष्ट: कर्जखतं आणि वह्या. मिळाली ती जाळली. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत गेलं. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आणला. त्यातली सर्वांत धारदार तरतूद अशी: कोर्टानं नुसता रोखा बघायचा नाही, व्यवहार पहिल्यापासून उकरून काढायचा. मुळात किती दिले, किती परत आले, किती व्याज मुद्दलात घुसवलं, ते सगळं.

याच्याही आधीपासून धर्मशास्त्रातला एक नियम इथे रूढ होता आणि मुंबई इलाख्यातली कोर्टं हिंदूंच्या व्यवहारांत तो लावत असत: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. त्याचं नाव दामदुप्पट. गंमत बघा, आज ‘दामदुप्पट’ म्हटलं की गुंतवणुकीची फसवी योजना आठवते. जो शब्द देणेकऱ्याची ढाल होता तो आमिषाचा झाला. कायद्याच्या पुस्तकात मात्र तो टिकून राहिला. मुंबईच्या १९४६च्या सावकारी कायद्यात मुद्दलाहून जास्त व्याज देववायला कोर्टाला मनाई होती, आणि २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही हाच धागा आहे. त्या कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के दर ठरवून दिला गेला. अठरा. कार्डावरच्या उचलीच्या निम्म्याहून कमी.

बँका या कायद्याच्या बाहेर आहेत. इतकंच नाही, १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात ‘२१ अ’ हे कलम आलं. बँकेनं लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोणतंही न्यायालय तो व्यवहार पुन्हा उघडणार नाही, असं ते सांगतं. १९१८चा जबर व्याजाविरुद्धचा कायदा किंवा राज्यांचे कर्जविषयक कायदे काहीही म्हणोत. त्या वेळी बँकांचे दर बहुतांशी रिझर्व्ह बँकच ठरवत होती, त्यामुळे हे कलम कोणाला फारसं टोचलं नाही. नव्वदच्या दशकात दर मोकळे झाले आणि कलम जागच्या जागी राहिलं. अमेरिकेतही थोड्याफार फरकानं असंच घडलं होतं. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बँकेला तिच्या मूळ राज्यातला व्याजदर देशभर लावायला मोकळीक दिली. साउथ डकोटानं व्याजावरची मर्यादा उठवली आणि सिटीबँकेनं आपला कार्डाचा कारभार तिकडे हलवला. भारतातल्या मध्यमवर्गाच्या पाकिटात कार्ड पोचवण्यात पुढे याच बँकेचा मोठा हात होता.

२००३ ते २००८ ही आपल्याकडची उधळणीची वर्षं. मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, ऑफिसच्या लिफ्टपाशी टेबल टाकून कार्डं वाटली गेली. २००८ मध्ये कार्डांची संख्या पावणेतीन कोटींच्या आसपास होती. मंदीत थकबाकी फुगली आणि २०११ पर्यंत कार्डांची संख्या एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास आली. मधल्या काळात वसुली एजंटांचे फोन, दारात येऊन बसणारी माणसं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजातल्या धमक्या हे सगळं झालं. वसुली एजंटांसाठी रिझर्व्ह बँकेला एप्रिल २००८ मध्ये स्वतंत्र सूचना काढाव्या लागल्या.

त्याच वर्षी ७ जुलैला राष्ट्रीय ग्राहक आयोगानं एक निकाल दिला. ‘आवाज’ नावाच्या संस्थेची तक्रार होती की बँका कार्डाच्या थकबाकीवर ३६ ते ४९ टक्के व्याज लावतात. आयोगानं म्हटलं, ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २००९ मध्ये निकालाला स्थगिती मिळाली, आणि मग सोळा वर्षं ना होय ना नाही. मधल्या काळात दर महिना साडेतीन-पावणेचार टक्क्यांवर स्थिरावले. रिझर्व्ह बँकेची भूमिका ठरलेली: आकडा आम्ही सांगणार नाही, दर अवाजवी नसावा, वरची मर्यादा बँकेनं आपली आपण ठरवावी. ज्याला लगाम घालायचा त्याच्याच हातात लगाम दिला तर घोडा कुठवर धावेल, हे सांगायला नको.

लोकांनी आपल्या वाटा काढल्या. ‘कार्ड घासून कॅश’ देणारे मोबाइलचे दुकानदार बहुतेक शहरांत भेटतात. विक्री झाली असं दाखवून कार्ड मशीनवर घासायचं, दोन-अडीच टक्के कापून रोख हातात. बँकेशी झालेल्या दुकानदाराच्या कराराचा हा सरळ भंग आहे, आणि कार्ड बंद होण्याचा धोका ग्राहकाचा. तरी गणित बघितलं की लोक तिकडे का वळतात ते कळतं: वेळेवर फेडलं तर व्याज शून्य. खोटी खरेदी खऱ्या रोखीपेक्षा स्वस्त पडते. मला हे दरपत्रकातलं सर्वांत बोलकं वाक्य वाटतं, फक्त ते छापलेलं नसतं. यातूनच एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून काढलेल्या रोखीनं भरण्याची टोपी फिरवाफिरवी सुरू होते. ‘किमान देय रक्कम’ साधारण पाच टक्क्यांच्या घरात असते. ती भरली की फोन येत नाहीत, पण मुद्दल जागचं हलत नाही.

२०२२ साली रिझर्व्ह बँकेनं कार्डांसाठी एकत्रित निर्देश काढले. थकलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये, हा त्यातला एक नियम. १८७५च्या नव्या रोख्याची आठवण यावी असाच. खरेदी, रोख उचल आणि थकबाकी यांचे वार्षिक दर वेगवेगळे दाखवावेत, आणि नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड कितीतरी महिने-वर्षं लांबेल असा इशारा बिलावर छापावा, असंही त्यात आहे.

आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ३० टक्क्यांचा तो निकाल रद्द केला. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाचं म्हणणं थोडक्यात असं: व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेचा, कलम ‘२१ अ’ स्पष्ट आहे, करार नव्यानं लिहायचा अधिकार ग्राहक आयोगाला नाही, शिवाय कार्डधारक शिकलेले आहेत, अटी त्यांना माहीत असतात आणि त्या त्यांनी मान्य केलेल्या असतात.

शेवटच्या मुद्द्यापाशी मी थबकतो. १८७९च्या कायद्यात शेतकऱ्यासाठी ग्रामनिबंधक होता. रोखा त्याच्यासमोर लिहायचा, त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, देणेकऱ्याला समजला अशी खात्री करून घ्यायची आणि मगच अंगठा. शिकलेल्या कार्डधारकासाठी महत्त्वाच्या अटी किमान एरियल टंकाच्या बारा आकारात छापाव्यात असा नियम आहे. एटीएमच्या पडद्याला तो लागू नाही.