पाण्यातला डोस का हाडातला? रेडिएशनच्या हिशोबाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात रेडिएशनला पेशंट आणला की नातेवाईक विचारतात किती दिवस, केस जाणार काय, खर्च किती, पण आत कुठं किती डोस (म्हणजे किरणांची शोषली गेलेली ऊर्जा) बसतो हे कसं काढता असं सहसा कोण विचारत नाही. खरा वाद तिथंच आहे.

१९५१ ला कॅनडात किरणोत्सारी कोबाल्टच्या मशीनवर कॅन्सरचे उपचार सुरू झाले, पुढं बरीच वर्षं हिशोब हातानंच. पाण्याच्या टाकीत मोजलेली टेबलं, पेशंटच्या अंगाभोवती वायर वाकवून कागदावर उतरवलेला आकार, त्यावर आयसोडोसचा (सारखा डोस बसणाऱ्या जागा जोडणाऱ्या रेघांचा) चार्ट ठेवून रेघा काढा आणि बेरजा करा. कोबाल्टच्या सोर्सचा जोर महिन्याला एखाद टक्का उतरणार, म्हणून वेळ वाढवत न्यायचा. या सगळ्यात माणूस म्हणजे पाण्याची पिशवीच.

सीटी आला, कुठं किती घनता ते दिसायला लागलं, तरी पेन्सिल बीमवाले (किरणांचा झोत बारीक काड्यांत विभागून हिशोब करणारे) प्रोग्रॅम फुफ्फुसात किरण कमी अडतात एवढंच धरायचे. तिथं सुटलेले इलेक्ट्रॉन बाजूला लांब पळतात ते हिशोबातच नाही, म्हणून गाठीच्या कडेला स्क्रीनवर डोस भरपूर आणि प्रत्यक्षात कमी. मग सुपरपोझिशन (बाजूला पसरणारा डोसही धरणारं), मग मॉन्टे कार्लो (एकेका कणाचा प्रवास फासे टाकल्यासारखा काढणारं), आणि २०१० च्या आसपास बोल्ट्झमनचं, म्हणजे कणांच्या प्रवासाचं, समीकरण थेट सोडवणारे प्रोग्रॅम आले.

आणि इथं घोळ झाला. हे नवे प्रोग्रॅम हाडाला हाड म्हणूनच धरतात, पण उत्तर दोन तऱ्हेनं देतात: हाडानं घेतलेला डोस, किंवा त्याच जागी पाण्याचा बारीक थेंब असता तर त्यानं घेतला असता तो डोस. मऊ भागात फरक एखाद-दोन टक्के, कडक हाडात मात्र पाण्याचा आकडा १०-१५ टक्क्यांपर्यंत जास्त येतो. पाण्यावाले म्हणतात मशीनचं कॅलिब्रेशन (किती डोस देतं ते मोजून जुळवणं) पाण्यात, डॉक्टरांचा इतक्या वर्षांचा अनुभव पाण्यातल्या आकड्यांवर, मग आत्ताच का बदलायचं? मीडियमवाले (मीडियम म्हणजे त्या जागी खरंच असलेला पदार्थ, इथं हाड) म्हणतात शरीरात जे आहे त्याचाच डोस सांगा की. २००७ च्या एका शिफारशीत डोस कशातला ते स्पष्ट लिहा असं सांगितलं, नंतर कल मीडियमकडं गेला. मलाही तेच पटतंय, कारण जुने प्रोग्रॅम नुसती घनता बदललेलं पाणी धरायचे, म्हणजे तो अनुभवसुद्धा शुद्ध पाण्यातला नव्हताच.

त्यामुळं जबड्याचा किंवा मणक्याचा पेशंट दुसऱ्या गावचा प्लॅन घेऊन आला की आधी बघायचं, डोस पाण्यातला का मीडियममधला. बऱ्याच प्रिंटआउटवर ते लिहिलेलंच नसतं, मग फोन लावा.